चष्मा लावणारा बोका

निम्म्या गावाची हाडं तिने पाहिली आहेत, पण तिच्या मनात काय चाललंय हे घरातल्या दोन माणसांनाही कधी धड कळलेलं नाही. यात तिचा दोष म्हणावा तर अर्धाच. उरलेला अर्धा नोकरीचा.

मोठ्या दवाखान्याच्या तळमजल्यावर, जिन्याखालच्या खोलीत, ती तेवीस वर्षं एक्स-रे काढते. त्या खोलीचा एक नियम आहे. एक्स-रे काढणाऱ्याने एक्स-रेत काय दिसतंय ते पेशंटला सांगायचं नाही. सांगायचं ते डॉक्टरांनी. पेशंट बिचारे टेबलावरून उठता उठता तिच्या चेहऱ्याकडे टक लावून बघतात. भुवई जरा हलली की लगेच विचारतात, काय झालं? म्हणून तिने भुवया हलवायचंच सोडून दिलं. समोरच्या पडद्यावर मनगटाचे सरळसरळ दोन तुकडे दिसत असतात, आणि ही बाई बसच्या वेळा सांगाव्यात अशा आवाजात म्हणते, "डॉक्टर सांगतील हं. पुढचे या."

हा चेहरा संध्याकाळी एप्रनबरोबर खुंटीला टांगून घरी यावं, तर ते तिला जमत नाही. तो घरीही तसाच येतो. तिचा नवरा पाणीपुरवठा खात्यात मीटरचे आकडे टिपत दारोदार फिरतो. स्वभावाने अबोल, पण एक गोष्ट तो पाहुण्यांना हटकून सांगतो. लग्न ठरायच्या आधी त्याने हिला विचारलं होतं, "मी आवडलो का?" तर ही म्हणाली, "सांगते." "सव्वीस वर्षं झाली," तो म्हणतो, "डॉक्टर अजून आलेले नाहीत."

पाहुणे हसतात. ती चहाचे कप गोळा करते.

एक मात्र खरं. लेक लहान असताना तिच्याकडे एक जादू होती. गुडघा फुटला, बोटात काच गेली, सुई टोचायची वेळ आली की ती त्याला कामावरच्याच आवाजात सांगायची, "खोल श्वास घे. रोखून धर. हलू नकोस. सोड." सोड म्हणेपर्यंत काच बाहेर आलेली असायची. तोंडाने लाड करणं तिला येत नसे, पण ही चार वाक्यं ती अशा काही सुरात म्हणायची की पोरगं रडायचं विसरून जायचं.

तर अशा बाईने ब्लॉग लिहायला घेतला.

खूळ तिचं नव्हतं. प्लास्टर खोलीतली सिस्टर तिच्या मागे लागली होती. "ताई, किती साठवशील? लिही की. माझी बहीण लिहिते, सगळं जग वाचतं. मन कसं हलकं होतं!"

"जगाने वाचल्यावर मन हलकं कसं होईल गं? उलट धाकधूक वाढेल."

"तू लिही तर खरं."

दवाखान्यात फिल्म धुवायची जुनी डार्करूम होती. सगळं कॉम्प्युटरवर आल्यापासून तिथे मोडके स्टूल आणि रिकामी खोकी ठेवत. लाल दिवा मात्र अजून चालू होता. दुपारी डबा खाऊन झाला की ती एका खोक्यावर बसून मोबाईलवर लिहू लागली. पहिला मजकूर असा होता: "आज गर्दी होती. उद्याही असेल." दुसरा: "हवा बदलली आहे. खोकल्याचे पेशंट वाढलेत." तिसऱ्यात तिने धाडस करून "मला वाटतं" अशी सुरुवात केली, आणि पुढे लिहिलं, "की खोकल्याचे पेशंट अजून वाढतील."

वाचक अकरा. त्यातले नऊ नातेवाईक. दहावी सिस्टर. अकरावा कोण हे तिला कळेना, पण त्याने बिचाऱ्याने एकही दिवस चुकवला नाही.

मग एके दिवशी लेक गाडीच्या लायसनची परीक्षा नापास होऊन आला. बावीस वर्षांचा ताडमाड मुलगा. गाडी मागे घेताना त्याने तपासनिसाच्या खुर्चीला धक्का दिला होता, आणि खुर्चीत तपासनीस होता. स्वयंपाकघरात ओट्याला टेकून तो आधी हसला. हसता हसता चष्मा काढला आणि लहानपणी रडायचा तसा, खालचा ओठ बाहेर काढून रडला. तिने काहीच केलं नाही. गॅस बारीक केला आणि टॉवेल पुढे केला.

पण दुसऱ्या दिवशी लाल दिव्याखाली तिची बोटं पहिल्यांदा थांबली नाहीत. तो ओठ, तो चष्मा, तो टॉवेल, जवळ घ्यावंसं वाटलं आणि हात पुढे झाला तो टॉवेलच घेऊन, सगळं तिने लिहिलं. संध्याकाळपर्यंत चारशे माणसांनी वाचलं. "डोळ्यांत पाणी आलं", "आई ती आईच", असल्या शेऱ्यांचा पाऊस पडला. सिस्टरने वॉर्डात मोठ्याने वाचून दाखवलं. ती आयुष्यात पहिल्यांदा दवाखान्यातून घरी गुणगुणत आली.

घरी लेक टेबलाशी बसला होता. कॉलेजच्या कॅन्टीनमध्ये कुणीतरी तेच बाकावर उभं राहून वाचून दाखवलं होतं. खालच्या ओठाच्या अभिनयासकट.

तो ओरडला नाही. ओरडला असता तर तिला बरं वाटलं असतं. तो एवढंच म्हणाला, "आई, माझं रडणं माझं होतं."

तिने तिथल्या तिथे ते पुसून टाकलं. पुन्हा त्याच्याबद्दल एक अक्षर लिहिणार नाही असा शब्द दिला. पण त्यानंतर मुलाने तोंडाला कुलूप लावलं. जेवलास का? हो. अजून हवंय? नको. बाहेर चाललास? हं. आणि नेमकी त्याच आठवड्यात त्याला नोकरी लागली. लांबच्या शहरात, पुलांचे आराखडे काढणाऱ्या कंपनीत. दीड महिन्याने जायचं. दीड महिना, आणि शब्द मोजून तीन.

तिचा जीव टांगणीला लागला. तो असाच गेला तर? तिकडे गेल्यावर "हो, नको, हं" हे फोनवरून ऐकायचं? बोलायला हवं होतं, पण काय बोलायचं आणि कुठून सुरू करायचं हे कळेना. लिहिता आलं असतं, तर त्यावर तिनेच कुलूप घालून घेतलं होतं.

वाट सापडली ती कामातूनच. शिकाऊ मुलांना दाखवण्यासाठी जुने एक्स-रे लागत, तेव्हा त्यांवरचं नाव, वय, पत्ता झाकायचं काम तिच्याकडे असे. एकदा ते झाकलं की हाड कुणाचं का असेना. तिने लेकाचंही तसंच करून पाहिलं. नाव काढलं. वय काढलं. नोकरी, चष्मा, शहर सगळं काढलं. तरी जे उरलं ते वाचून कोणीही म्हणालं असतं, हा हिचाच मुलगा. मग तिने आणखी एक पाऊल टाकलं. त्याचं माणूसपणच काढून टाकलं.

"आमचा बोका हल्ली माझ्याशी बोलत नाही," तिने लिहिलं. "समोरून जातो, वाटीकडे बघतो, निघून जातो. चूक माझी आहे. पण माफी कशी मागतात ते मला माहीत नाही."

वाचकांची रांग लागली. बोका म्हटल्यावर लोकांना कोण उमाळा आला! "जंत झाले असतील," एका बाईंनी लिहिलं. "दात बघा त्याचे." "खोलीतलं सामान हलवलंत का? मांजरं रुसतात." दूरच्या गावचे एक जनावरांचे डॉक्टर होते, ते तर रोज चौकशी करू लागले. आज काही खाल्लं का? नाक ओलं आहे का?

ती मनापासून उत्तरं देई. खाल्लं, पण उभ्याउभ्या. नाकाचं बघते आणि कळवते.

आता खोटं बोलायचं म्हणजे सराव लागतो, आणि हिला खरं बोलायचाही नव्हता. त्यामुळे मधूनमधून मुलगा बोक्यातून बाहेर डोकावायचा. "आज त्याने दाराला आतून कडी घातली," असं ती लिहून बसली. कुणीतरी विचारलं, मांजर कडी घालतं? "हुशार आहे," तिने कळवलं. "आंघोळीला चाळीस मिनिटं लावतो," असं लिहिलं तेव्हा मांजरवाल्यांत खळबळ उडाली. आणि एका दुपारी तिच्या हातून गेलं, "चष्मा कुठेही ठेवतो आणि मग घरभर शोधत फिरतो."

जनावरांच्या डॉक्टरांनी फक्त तीन शब्द लिहिले. "ताई, बोक्याला चष्मा?"

ती घामाघूम झाली. "माझा," तिने घाईघाईने लिहिलं. "माझा चष्मा. पळवतो." त्यावर शंभर जणांनी हसरे चेहरे पाठवले, आणि मग सगळ्यांनी एकच धोशा लावला: फोटो टाका. एवढा गुणी बोका, अजून फोटो नाही?

बोका होता तो कोपऱ्यावरच्या किराणावाल्याचा. पिवळा, एका कानाचा तुकडा उडालेला, आणि तांदळाच्या पोत्यावर बसून गिऱ्हाइकांना तुच्छ लेखणारा. रजेच्या दिवशी सकाळी, घरात कोणी नाही असं बघून, ती त्याला पिशवीत घालून घेऊन आली. किराणावाल्याला काय सांगितलं? "उंदीर झालेत." बोक्याने पिशवीला दोन भोकं पाडली, तिच्या मनगटावर तीन रेघा ओढल्या आणि घरात सुटल्यावर थेट लेकाच्या खोलीत शिरला. तिथे पलंगावर त्याची बॅग उघडी पडलेली, वर नवा काळा कोट घडी करून ठेवलेला. बोका कोटावर जाऊन बसला. तिने कामावरच्या आवाजात त्याला "हलू नका" असं सांगितलं, आणि काय आश्चर्य, तो हलला नाही. फोटो झकास आला. त्याच दुपारी तो जगासमोर गेला: "जायची तयारी करणाऱ्यांच्या बॅगेत हा असा जाऊन बसतो. मला बसता येत नाही."

संध्याकाळी लेक घरी आला, खोलीत गेला, आणि तिथून शिंकांचा आवाज येऊ लागला. मांजराच्या केसांचं त्याला लहानपणापासून वावडं. अकराव्या शिंकेनंतर तो कोट हातात धरून बाहेर आला. काळ्या कोटावर पिवळे केस असे चमकत होते की विचारू नका.

"बाबा, माझ्या खोलीत मांजर आलं होतं?"

ती स्वयंपाकघरात थिजली. नवरा बूट काढत होता. त्याने एक बूट काढला, नीट ठेवला, आणि मोबाईल मुलापुढे धरला.

"आईचा बोका. तू आहेस तो. वाच."

म्हणजे तो अकरावा वाचक! ती त्याच्याकडे बघतच राहिली. मीटरचे आकडे टिपणारा हा माणूस इतके महिने रोज दुपारी कुणाच्या तरी जिन्यात उभा राहून तिला वाचत होता, आणि घरी येऊन मीठ मागत होता.

"अहो, मला बोलला नाहीत!"

"तू तरी कुठे बोललीस?"

लेकाने मोबाईल घेतला आणि आत जाऊन दार लावून घेतलं. बोक्याचे सतरा मजकूर होते. ती चहाचा कप घेऊन दाराबाहेर उभी राहिली. चहा गार झाला. तिने दुसरा केला, तोही गार झाला. आतून आधी काहीच ऐकू येईना. मग एक शिंक. मग, तिला वाटलं, हसू.

दार उघडलं तेव्हा त्याचे डोळे लाल होते. केसांनी असतील.

"आई, मी चाळीस मिनिटं आंघोळ करत नाही."

"बेचाळीस. मी लोकांना कमी करून सांगितलं."

"आणि मला जंत नाहीत."

"ते मी नाही, त्या बाई म्हणाल्या."

तो हसायला आला होता, पण हसला नाही. "तू लिहिलंयस बोका रागावलाय म्हणून. बोका रागावलेला नव्हता. म्हणजे आठवडाभर होता, पण नंतर नव्हता."

"मग काय झालं होतं?"

त्याने कप घेतला, गार चहाचा एक घोट घेतला आणि तिच्याच बसच्या वेळांच्या आवाजात म्हणाला, "डॉक्टर सांगतील."

कुणाचं पोर आहे, ते त्या क्षणी कुणालाही सांगायची गरज नव्हती.

चार दिवसांनी तो गेला. स्टेशनावर दोघं पाण्याच्या बाटलीबद्दल बोलले. झाकण घट्ट बसतं का, बसतं, गळत नाही ना, नाही. मग तिने तोच प्रश्न जरा वेगळ्या शब्दांत विचारला आणि त्याने तेच उत्तर दिलं. बाटली चांगली होती. तिच्यावर आणखी बोलण्यासारखं काही राहिलं नाही तेव्हा गाडी सुटली.

दुसऱ्या दिवशी दुपारी लाल दिव्याखाली तिने ठरवलं, आता बोका पुरे. आपलं आपण लिहायचं. "मला" असं लिहिलं. मला काय? "मला बरं वाटत नाही" लिहिलं, पुसलं. लोक काढे सुचवतील. "मला एकटं वाटतं" लिहिलं, पुसलं; नवरा जिन्यात उभा राहून वाचेल, त्याला वाटेल मी काय कपाट आहे? वीस मिनिटं गेली. बाहेर पेशंट खोकू लागले. शेवटी तिने लिहिलं, "कालपासून बोका घरात नाही. त्याचं अंथरूण घडी घालून ठेवलं. वाटी धुऊन पालथी घातली." आणि मोबाईल खिशात टाकून कामाला गेली.

संध्याकाळी बघते तर काय! एकशे त्रेचाळीस माणसांनी बोक्याला श्रद्धांजली वाहिली होती. कुणी मेणबत्त्या पाठवल्या होत्या, कुणी कविता. जंतवाल्या बाई म्हणत होत्या, मी वेळेवर सांगितलं होतं. एकीने पिल्लू देऊ केलं होतं. जनावरांच्या डॉक्टरांनी लांबलचक लिहिलं होतं: "ताई, स्वतःला दोष देऊ नका. त्याला तुमचं प्रेम कळत होतं. त्यांना बोलता येत नाही एवढंच."

हसायला हवं होतं. ती खोक्यावर बसली आणि एप्रन तोंडाला लावून रडली. सांत्वन मेलेल्या बोक्याचं होतं, पण लागू पडत होतं.

तेवढ्यात फोन वाजला.

"आई, मी मेलो का?"

"अरे, मी तसं लिहिलं नाही! लोकांनी..."

"मी बाहेर आलोय, आत माझ्या खोलीतला मुलगा रडतोय. तो वाचतो तुला. त्याला माहीतच नाही की बोका आत्ता त्याच्यासमोर बसून जेवला."

"जेवलास?"

"हो."

"पाण्याची बाटली..."

"आई, कशी आहेस?"

"ठीक."

"खरं सांग."

"ठीक आहे रे. काम आहे. गर्दी आहे. खोकल्याचे..."

"आई, खोल श्वास घे."

तिने घेतला. तेवीस वर्षांत हे तिला कोणी सांगितलं नव्हतं.

"रोखून धर. हलू नकोस."

लाल दिवा स्थिर जळत होता.

"सोड. आता सांग."

"पलंगावर ओला टॉवेल पडलेला नसतो रे," ती म्हणाली. आणि मग जे सुरू झालं ते थांबेना. आंघोळीचं पाणी मधेच थंड होत नाही. चष्मा कुठे दिसत नाही. तीन माणसांचा भात हाताला बसलाय, तो दोघांना उरतो. त्या दिवशी टॉवेल नको, तुला जवळ घ्यायचं होतं. ती काय काय बोलली ते तिचं तिलाच आठवत नाही, आणि आठवलं तरी ते इथे यायचं कारण नाही.

पलीकडून नाक ओढल्याचा आवाज आला.

"मी बोलत नव्हतो ना," लेक म्हणाला, "कारण बोललो असतो तर निघालोच नसतो. हे लिहू नकोस हं."

"नाही लिहिणार."

"पण त्या लोकांना काहीतरी सांग. तो पोरगा उशी भिजवतोय माझी."

"काय सांगू?"

त्याने विचार केला. "मी आहे, एवढं सांग. फक्त तेवढंच."

दुसऱ्या दिवशी दुपारी तिने लिहिलं. या वेळी बोट कुठे अडलं नाही. "मला बोका कधीच नव्हता. मला मुलगा आहे. तो सुखरूप आहे. त्याने एवढंच लिहायची परवानगी दिली आहे, बाकीचं मी त्याला फोनवर सांगितलं. तुमच्या मेणबत्त्यांबद्दल मनापासून माफी मागते. फोटोतला बोका किराणावाल्याचा आहे आणि ठणठणीत आहे."

काही लोक रागावले. चाळीसएक जण सोडून गेले. पिल्लूवाल्या बाईंनी तरीही घेता का म्हणून विचारलं. एका बाईने लिहिलं, "माझी तर एक गाय आहे, ताई. ती म्हणजे माझी मोठी बहीण." नवऱ्याने पहिल्यांदाच शेरा दिला: "वाचलं."

आणि सगळ्यांत शेवटी, संध्याकाळच्या सुमाराला, जनावरांच्या डॉक्टरांचं उत्तर आलं. बरेच दिवस मनात घोळणारा एखादा अवघड रोग अखेर ओळखू यावा, तशा समाधानाने त्यांनी लिहिलं होतं:

"तरीच चष्मा!"